सर्व्हर पडला की लॉग आपोआप समोर यावा: निदान-स्क्रिप्टची बांधणी

रात्री पावणेदोनला फोन. पलीकडे ड्यूटीवरचा मुलगा. "दादा, डिप्लॉय फेल झालंय. स्क्रीनवर 'हेल्थ चेक नापास' एवढंच आलंय, पुढे काहीच नाही." डिप्लॉय म्हणजे ॲपची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं, हेल्थ चेक म्हणजे ती नीट उत्तर देते का ही तपासणी. मी अंथरुणात पडल्यापडल्या कमांड सांगायला लागलो. "टेल. स्पेस. डॅश एन. अरे डॅश, अंडरस्कोअर नव्हे. आता दोनशे. आता स्पेस देऊन स्लॅश व्हार..." वीस-पंचवीस मिनिटांनी कळलं की डिस्क भरली होती. सकाळी चहा घेताना मी फोनवर काय काय सांगितलं ते वहीत उतरवलं. अकरा कमांड निघाल्या. आधीच्या दोन-तीन रात्री आठवून पाहिल्या, तर तेव्हाही थोड्याफार फरकाने त्याच. मग त्या माणसाने माणसाला फोनवर का सांगायच्या? नापास होतानाच स्क्रिप्टने त्या स्वतः चालवाव्यात आणि जे सापडेल ते समोर टाकावं.

ती स्क्रिप्ट कशी बांधायची ते इथे सांगतो. लॉग (प्रोग्रॅम चालता चालता लिहीत जातो त्या नोंदी) दाखवायचा म्हणजे शेवटच्या दोनशे ओळी ओतायच्या, अशी माझीही आधी समजूत होती. पण त्या दोनशे ओळींतल्या एकशेनव्वद कालच्या असतात, आणि कालच्या एररमागे धावण्यात अर्धी रात्र जाते. म्हणून या स्क्रिप्टचं काम एकच: या वेळच्या बिघाडात जे लिहिलं गेलं तेवढंच दाखवायचं, आणि झोपेतून उठलेल्या माणसाला वाचता येईल असं दाखवायचं.

कमांड इथे फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच सगळं रोमन लिपीत टाइप करायचं. अंक आणि व्हेरिएबलची नावंसुद्धा, कारण बॅशला (ज्यात ही स्क्रिप्ट लिहायची त्या शेलला) देवनागरी व्हेरिएबल चालत नाही.

उदाहरणासाठी साधी मांडणी धरू. एक उबंटू सर्व्हर. पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन ॲपकडे देणारा वेब सर्व्हर), मागे ८०८० पोर्टवर एक ॲप, जे सिस्टिमडीची (सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून चालतं. सर्व्हिसचं नाव 'नोंदणी'. ॲपचा लॉग सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या लॉगच्या वहीत, जातो, एनजिनएक्सचा फाइलमध्ये.

आधी परवानगी बघा

ही पायरी सगळे गाळतात. ज्या युजरने स्क्रिप्ट चालणार आहे त्याला लॉग वाचता येतात का? उबंटू-डेबियनवर एनजिनएक्सच्या लॉगफाइली 'एडीएम' ग्रुपला वाचता येतात, जर्नलही त्याच ग्रुपला किंवा 'सिस्टिमडी-जर्नल' ग्रुपला. फाइल वाचता आली नाही तर निदान 'परमिशन डिनाइड' तरी ओरडतं. जर्नलची गोष्ट त्याहून फसवी. परवानगी नसलेल्या युजरला त्याच्या स्वतःच्या नोंदींपुरतंच दिसतं, आणि तुमच्या सर्व्हिससाठी 'नो एंट्रीज' येतं. वाचणाऱ्याला वाटतं, ॲपने काही लिहिलंच नाही. तेव्हा युजरला ग्रुपमध्ये घाला, आणि घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा. चालू सेशनला नवा ग्रुप लागू होत नाही.

खूण करून ठेवा

डिप्लॉय सुरू व्हायच्या आधी, पहिल्याच ओळींमध्ये, तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: आत्ताची वेळ, लॉगफाइलचा आकार आणि तिचा आयनोड क्रमांक (फाइलचं नाव बदललं तरी न बदलणारा, फाइलसिस्टिमने दिलेला क्रमांक).

    वेळ=$(डेट +%एस)
    आकार=$(डब्ल्यूसी -सी < "$लॉग")
    आयनोड=$(स्टॅट -सी %आय "$लॉग")

'लॉग' मध्ये एनजिनएक्सच्या लॉगफाइलचा पाथ आहे. वेळ सेकंदांच्या आकड्यात घेतली आहे ती मुद्दाम. जर्नलसीटीएलला (जर्नल वाचायची कमांड) '--सिन्स' नंतर ॲट चिन्ह लावून हा आकडा तसाच देता येतो, मग टाइमझोनची भानगड उरत नाही. फाइलसाठी आकार पुरतो. नंतर

    टेल -सी +$((आकार+१)) "$लॉग"

म्हटलं की खूण केल्यानंतर जे लिहिलं गेलं तेवढंच बाहेर येतं. अधिक एक का? टेलच्या '+' मध्ये मोजणी पहिल्या बाइटपासून असते. एक मिळवला नाही तर आधीच्या ओळीचं शेवटचं एंटरसुद्धा येतं आणि वर एक रिकामी ओळ दिसते. फार बिघडत नाही, पण डोळ्याला खुपतं.

आता आयनोड कशाला, तर लॉगरोटेटसाठी, म्हणजे ठराविक काळाने लॉगफाइल बाजूला सारून नवी सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. डिप्लॉय चालू असतानाच रोटेशन झालं तर जुनी फाइल '.१' नावाने बाजूला जाते आणि त्याच जागी नवी रिकामी फाइल येते. जुना आकार चार लाख बाइट, नवी फाइल तीनशे बाइटची; टेलला चार लाखांपुढचं दाखव म्हटलं तर तो निमूटपणे काहीही दाखवत नाही. आयनोड बदललेला दिसला तर '.१' फाइल खुणेपासून पुढे दाखवायची आणि नवी फाइल पूर्ण. आयनोड तोच पण आकार खुणेपेक्षा लहान, असं दिसलं तर रोटेशन 'कॉपी-ट्रंकेट' पद्धतीचं आहे, म्हणजे तीच फाइल कापून शून्यावर आणली; मग ती सुरुवातीपासून दाखवायची. मध्यरात्रीच्या आसपास डिप्लॉय करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. उघड्या फाइलवर हाताने नजर ठेवायची असेल तेव्हाही हेच: लहान एफ लावलेला टेल जुन्या फाइललाच धरून बसतो, मोठा एफ लावला की नावाचा पाठलाग करतो.

तपासणी दोनदा, दोन दारांतून

हेल्थ चेक एकाच पत्त्यावर करू नका. एकदा थेट ८०८० वर, एकदा एनजिनएक्समधून. कर्लला (वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) '--मॅक्स-टाइम ५' द्या, बॉडी फेकून द्या आणि फक्त एचटीटीपी कोड छापून घ्या. ॲपला उठायला वेळ लागतो, म्हणून दोन-दोन सेकंद थांबून पंधरा वेळा प्रयत्न करायचा.

या दोन आकड्यांतच अर्धं निदान होतं. दोन्हीकडे ००० आलं तर दोन्ही दारं बंद; तो सर्व्हरचा कोड नव्हे, जोडणीच झाली नाही किंवा उत्तरच आलं नाही म्हणून कर्लने छापलेली तीन शून्यं आहेत ती. थेट ००० आणि एनजिनएक्समधून ५०२: एनजिनएक्स जिवंत, ॲप मेलेलं. ५०४ म्हणजे ॲप आहे पण उत्तर द्यायला उशीर करतंय. हे बहुतेक वेळा डेटाबेसकडे बोट दाखवतं. थेट २०० (सगळं ठीक) आणि एनजिनएक्समधून ५०२ आलं तर ॲपला हात लावू नका, एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये पोर्ट किंवा सॉकेट चुकलाय. ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ दिसला तर घाबरू नका, तो एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे: वाट पाहून समोरच्याने जोडणी तोडली.

दोन्ही आकडे निदानाच्या अगदी पहिल्या ओळीत छापा. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ अशी येते: "थेट: ००० | एनजिनएक्समधून: ५०२ | ३० सेकंद वाट पाहिली".

ट्रॅप, आणि माझी फजिती

लॉग दाखवणारं फंक्शन प्रत्येक चुकीच्या ठिकाणी हाताने बोलवायचं नाही. बॅशच्या 'ट्रॅप' ला सांगून ठेवायचं: बाहेर पडताना, कुठूनही पडलास तरी, हे फंक्शन चालव. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एक्झिट कोड (शून्य म्हणजे यश, बाकी नापास) जपून ठेवायचा. मध्ये एक 'एको' जरी गेला तरी डॉलर-प्रश्नचिन्हातली किंमत बदलते.

    निदान() {
      लोकल आरसी=$?
      सेट +ई +ओ पाइपफेल
      [ "$आरसी" -इक्यू ० ] && रिटर्न
      ...इथे सगळं दाखवायचं...
      एक्झिट "$आरसी"
    }
    ट्रॅप निदान एक्झिट

(शेवटच्या ओळीतला एक्झिट मोठ्या अक्षरांत.) कोड शून्य असेल तर गुपचूप परत. यशस्वी डिप्लॉयनंतर लॉग ओतणारी स्क्रिप्ट लोक आठवड्याभरात वाचायचं सोडून देतात.

दुसरी ओळ, 'सेट +ई', मी शिकलो ती अशी. पहिल्या आवृत्तीत वरती शिस्तीत 'सेट -ई' आणि 'पाइपफेल' लावलेलं होतं (एखादी कमांड, पाइपमधली असली तरी, नापास झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारे पर्याय), आणि निदानात एनजिनएक्सच्या लॉगवर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड). एकदा डिप्लॉय नापास झालं. स्क्रीनवर "एनजिनएक्स एरर:" एवढं शीर्षक आलं आणि त्याखाली थेट प्रॉम्प्ट. ॲपचा लॉग, डिस्क, मेमरी, काही नाही. मी तासभर एनजिनएक्स उलटापालटा केला. तो बिचारा ठणठणीत होता, आणि घोळ तिथेच होता: लॉगमध्ये एरर नाही, म्हणून ग्रेपला काही सापडलं नाही. ग्रेपला काही सापडलं नाही की तो १ परत करतो. २ आला तर खरी चूक. 'सेट -ई' ला तो १ म्हणजे संकट वाटलं आणि त्याने निदान करणाऱ्यालाच झोपवलं. निदानाच्या फंक्शनमध्ये एखादी कमांड फसली तर पुढच्या कमांडने थांबता कामा नये. तिथे कडक शिस्त नको.

आणखी एक पथ्य: प्रत्येक बाहेरच्या कमांडच्या आधी 'टाइमआउट १०' लावा. डिस्क अडकलेली असेल तर डिस्कची जागा दाखवणारा साधा डीएफसुद्धा लटकतो. पण टाइमआउट फक्त खऱ्या कमांडला लावता येतो, तुमच्या शेल फंक्शनला नाही.

काय, कोणत्या क्रमाने

आधी सर्व्हिसची स्थिती. सिस्टिमसीटीएलचं 'स्टेटस' माणसासाठी ठीक आहे. स्क्रिप्टमध्ये 'शो' वापरा आणि ॲक्टिव्हस्टेट, रिझल्ट, एक्झेकमेनस्टेटस, एनरिस्टार्ट्स हे चारच गुण मागा. रिझल्ट वाचायची सवय लावून घ्या. 'ओओएम-किल' आलं तर मेमरी संपली म्हणून कर्नलने ॲप मारलं. 'स्टार्ट-लिमिट-हिट' म्हणजे ॲप इतक्यांदा पडून उठलं की सिस्टिमडीने हात टेकले; अशा वेळी लॉगच्या शेवटी नुसती ती तक्रार असते, खरी एरर त्याच्या कितीतरी वर असते. स्टेटस २०३ आला तर ॲपचा कोड वाचत बसू नका, सिस्टिमडीला फाइल चालवताच आली नाही. पाथ चुकलाय, एक्झिक्युट परवानगी नाही, किंवा कुणीतरी विंडोजवर सेव्ह केलेली स्क्रिप्ट तशीच चढवली आणि पहिल्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलंय. शेवटचं कारण ऐकून लोक हसतात, आणि महिन्याभरात त्यांना तेच भेटतं.

मग ॲपचा जर्नल:

    जर्नलसीटीएल -यू नोंदणी --सिन्स "@$वेळ" -एन २०० --नो-पेजर -ओ शॉर्ट-आयएसओ

'--नो-पेजर' विसरलात आणि स्क्रिप्ट टर्मिनलवर चालली तर ती 'लेस' या पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन कुणीतरी क्यू दाबायची वाट पाहत बसते.

इथे एक सापळा आहे. सगळ्यांनाच मोह होतो की '-पी एरर' लावून फक्त चुका दाखवाव्यात. सिस्लॉग या लॉगच्या जुन्या पद्धतीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत (० सर्वांत गंभीर), एरर ही ३. म्हणजे ० ते ३ दिसावं. पण ॲप नुसतं स्टँडर्ड आउटपुटवर (छापायच्या नेहमीच्या वाटेवर) छापत असेल तर सिस्टिमडी ती प्रत्येक ओळ 'इन्फो', म्हणजे ६, पातळीने नोंदवतो. ओळीत मोठ्या अक्षरांत 'फेटल एरर' लिहिलेलं असलं तरी. स्टँडर्ड एररवर (चुकांच्या वेगळ्या वाटेवर) छापलं तरी तेच. गाळणी लावली की हातात कोरी पाटी येते. ॲपने ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात ३ लिहिला तर सिस्टिमडी ती पातळी मानतो, पण असं करणारी ॲप्स मी हाताच्या बोटांवर मोजेन. म्हणून ॲपच्या लॉगवर पातळीची गाळणी लावायची नाही. खुणेमुळे तो आधीच छोटा झालेला असतो.

जर्नलमध्ये 'सप्रेस्ड' हा शब्द दिसतो का, तेही शोधा. एखादी सर्व्हिस फार वेगाने लिहायला लागली की जर्नल मधल्या ओळी टाकून देतो आणि किती टाकल्या एवढीच नोंद ठेवतो. तुम्हाला हवी ती ओळ त्यातच गेलेली असू शकते.

आणि ॲप पायथनचं असेल तर आणखी एक. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तेव्हा पायथन 'प्रिंट' ची ओळ लगेच लिहीत नाही, बफरमध्ये साठवतो. कर्नलने ॲपला अचानक मारलं की बफर त्याच्याबरोबरच जातो, आणि लॉगची शेवटची ओळ मरणाच्या कितीतरी आधीची असते. सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'पायथनअनबफर्ड' (एकच शब्द, मोठ्या अक्षरांत) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा.

एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये खुणेपुढचं जे असेल ते सगळं दाखवा, सहसा थोडंच असतं. ॲक्सेस लॉग मात्र कधीही ओतू नका. त्यातले फक्त ५०० आणि वरचे कोड मोजा. ऑकने (ओळीचे रकाने तोडणारी कमांड) नववा रकाना घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण कचरा रिक्वेस्ट आल्या की रकाने सरकतात आणि नवव्या जागी भलतंच येतं. दुहेरी अवतरणचिन्हावर तोडा. तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला स्टेटस कोड असतो. रिक्वेस्टमध्ये अवतरणचिन्ह आलं तरी एनजिनएक्स ते एस्केप करून लिहितो, त्यामुळे हे तोडणं फसत नाही.

शेवटी डिस्क आणि मेमरी. 'डीएफ -एच' बरोबर 'डीएफ -आय' सुद्धा. जागा शिल्लक असूनही आयनोड संपले तर नवी फाइल बनत नाही. मेमरीसाठी 'फ्री -एम', आणि कर्नलच्या जर्नलमध्ये 'आउट ऑफ मेमरी' ची ओळ.

त्या रात्रीचं कारण इथेच होतं. डीएफ म्हणत होता १०० टक्के, आणि डीयू लावून फोल्डर मोजले तर निम्मीच जागा भरलेली. कुणीतरी दुपारी जागा करायला म्हणून मोठी लॉगफाइल 'आरएम' केली होती. पण ॲपने ती उघडी धरलेली होती, त्यामुळे नाव गेलं तरी जागा सुटली नव्हती, आणि ॲप तिच्यातच लिहीत सुटलं होतं. 'एलएसओएफ +एल१' अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दाखवतो. ही कमांड वहीत अकरावी होती. आता स्क्रिप्टमध्ये डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली असेल तरच ती चालते.

ओळी कमी करा, पण मोजून

डेटाबेस पडला असेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दोनशे वेळा येतं आणि त्या गर्दीत एकमेव वेगळी ओळ बुडते. म्हणून पूर्ण लॉगच्या आधी एक गोषवारा द्या. जर्नल '-ओ कॅट' ने घ्या म्हणजे वेळ वगैरे येत नाही, नुसता मजकूर येतो. सेडने (मजकूर बदलणारी कमांड) सगळे आकडे एका # चिन्हात बदला, मग सॉर्ट, 'युनिक -सी', उलटा सॉर्ट, आणि वरच्या दहा ओळी. "१९७ वेळा: कनेक्शन रिफ्यूज्ड, पोर्ट #" आणि खाली "१ वेळा: मायग्रेशन # सापडलं नाही". माझा अनुभव असा की कारण बहुतेक वेळा त्या १ वाल्या ओळीत असतं. म्हणून मी वरच्या दहाबरोबर खालच्या पाचही दाखवतो.

प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला ती कुठून आली ते लावा: 'ॲप |', 'एनजिन |', 'कर्नल |'. सेडने ओळीच्या सुरुवातीला मजकूर चिकटवणं एवढंच काम. ही स्क्रिप्ट टेस्टच्या साखळीत चालणार असेल आणि टेस्टचा निकाल टॅप पद्धतीने, म्हणजे टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉलने जात असेल, तर सुरुवातीला # लावा. १९८७ साली पर्लबरोबर जन्मलेल्या त्या जुन्या पद्धतीत # ने सुरू होणारी ओळ निकालात धरत नाहीत, ती नुसती माहिती मानतात. नाहीतर लॉगमधलीच एखादी 'ओके' ने सुरू होणारी ओळ टेस्टचा निकाल म्हणून मोजली जाईल. एरवी सगळं निदान स्टँडर्ड एररवर पाठवा.

साडेपाच तास

एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये सर्व्हरची स्थानिक वेळ असते आणि टाइमझोन लिहिलेला नसतो. ॲप बहुधा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, लिहितं. पावणेदोनला बिघाड झाला तर एनजिनएक्स ०१:४५ म्हणतो आणि ॲप म्हणतं २०:१५, तेही आदल्या तारखेचं. तास सोडून मिनिटं जुळवू म्हणावं तर आपल्याकडे तेही नाही. अर्ध्या तासामुळे पंचेचाळीसची पंधरा होतात. झोपेत ही वजाबाकी चुकतेच. सर्व्हरच यूटीसीवर ठेवणं सर्वांत सोपं. ते जमत नसेल तर निदानाच्या डोक्यावर आत्ताची वेळ दोन्ही प्रकारे छापा: "आत्ता: भारतीय ०१:४७, यूटीसी २०:१७". वाचणाऱ्याचा हिशोब वाचतो.

मराठी ओळी आणि तुटकी अक्षरं

आपल्या ॲपच्या लॉगमध्ये मराठी नावं, पत्ते, संदेश असतात, आणि इथे इंटरनेटवरच्या तयार स्क्रिप्टा दगा देतात. लॉगमधली विचित्र कंट्रोल कॅरेक्टर निरुपद्रवी करायला 'कॅट -व्ही' लावा, असा सल्ला सर्रास मिळतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि 'कॅट -व्ही' त्यातला एकेक बाइट 'एम-' लावून छापतो. 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाचे बारा तुकडे होतात. त्याऐवजी 'टीआर -डी' ने फक्त ऑक्टल ००० ते ०१०, ०१३ ते ०३७ आणि १७७ हे बाइट उडवा. टॅब आणि एंटर राहतात आणि देवनागरीच्या एकाही बाइटला धक्का लागत नाही. त्याआधी सेडने रंगांचे एस्केप कोड काढा, नाहीतर कंसातले आकडे उरतात. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. बाहेरच्या माणसाने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर जसाच्या तसा तुमच्या टर्मिनलवर येत असतो, आणि एस्केप कोडने स्क्रीन पुसता येते, ओळी लपवता येतात.

लांब ओळी चारशे अक्षरांवर कापताना 'कट -सी' वर भरवसा नको, बऱ्याच ठिकाणी तो अक्षरं म्हणत बाइटच मोजतो. ऑक म्हणावं तर उबंटूत मूळचा एमऑक असतो, त्याचंही तसंच. बॅशमध्येच ओळ वाचून तिचा ० ते ४०० भाग घ्या. दोनशे ओळींना वेग कमी पडत नाही. पण वरती 'एलसी_ऑल' हे 'सी.यूटीएफ-८' ठेवायला विसरू नका. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालताना लोकॅल (भाषा-लिपीचं सेटिंग) नुसता 'सी' असू शकतो, आणि मग बॅशही बाइट मोजायला लागतो.

झाका, मग कापा

निदानाचा मजकूर पुढे चॅट ग्रुपवर, मेलवर, तिकिटात फिरतो. त्यात कुणाचा टोकन, पासवर्ड, मोबाइल नंबर जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर मुळीच नाही. सेडने 'पासवर्ड=' आणि 'बेअरर' यांच्या पुढचं सगळं तारांकित करा. मोबाइलसाठी ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंक, पण दोन्ही बाजूंना शब्दसीमा लावून. ती नसेल तर मिलिसेकंदात लिहिलेल्या तेरा अंकी वेळेच्या पोटात मोबाइल नंबर 'सापडतो' आणि वेळच झाकली जाते. आधारचे बारा अंक ० किंवा १ ने सुरू होत नाहीत, आणि चार-चारच्या गटांत मोकळी जागा असू शकते, हे धरून नमुना लिहा. क्रम मात्र आधी झाकणं, मग कापणं. उलटं केलंत तर ओळीच्या टोकाशी नंबरचे सातच अंक उरतात, दहाच्या नमुन्यात बसत नाहीत आणि उघडे पडतात.

झाकायचं ते फक्त दाखवताना. मूळ लॉगला हात लावायचा नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे आहेत, आणि उबंटूत एनजिनएक्सबरोबर येणारं लॉगरोटेटचं सेटिंग रोज फिरवून १४ च ठेवतं. ते एकदा उघडून बघा.

ॲप डॉकरमध्ये असेल तर

डॉकर म्हणजे ॲपला वेगळ्या खोक्यात, कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. वरचं सगळं तसंच, फक्त जर्नलच्या जागी 'डॉकर लॉग्ज --सिन्स' आणि तोच सेकंदांचा आकडा, इथे ॲट चिन्हाशिवाय. पण डॉकर लॉग्ज कंटेनरचं स्टँडर्ड एरर आपल्याही स्टँडर्ड एररवरच टाकतो. त्यामुळे पाइप लावून ग्रेप केला तर ग्रेपच्या हाती फक्त अर्धा लॉग येतो आणि उरलेला अर्धा गाळणीला वळसा घालून, न झाकता, थेट स्क्रीनवर जातो. पाइपच्या आधी '२>&१' लिहायलाच हवं, म्हणजे दोन्ही वाटा एकत्र होऊन पाइपमध्ये जातात.

मुद्दाम पाडून बघा

'बॅश -एन' ने व्याकरण तपासा, शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवून त्याच्या कुरबुरी ऐका, आणि मग टेस्ट सर्व्हरवर एकेक मोडतोड करा. ॲप बंद ठेवून चालवा. ॲपला 'किल -९' करून चालवा. एनजिनएक्समधला पोर्ट चुकवा. मधेच 'लॉगरोटेट -एफ' मारा आणि '.१' मधला भाग दिसतो का पाहा. वेगळ्या छोट्या पार्टिशनवर 'एफॲलोकेट' ने मोठी फाइल बनवून डिस्क भरा. प्रत्येक वेळी शेवटी 'एको $?' करा: मूळ नापासाचाच कोड आला पाहिजे. तो शून्य आला तर डिप्लॉय साखळी आनंदाने पुढच्या सर्व्हरकडे निघेल.

निदानाची एक प्रत 'टी' ने फाइलमध्येही टाका. ती '/व्हार/टीएमपी' मध्ये ठेवा, कारण '/टीएमपी' रीस्टार्टनंतर रिकामं होऊ शकतं, आणि आधी 'युमास्क ०७७' लावा म्हणजे दुसऱ्या युजरला वाचता येणार नाही. डिस्कच भरली असेल तर ही फाइल पूर्ण लिहिली जाणार नाही, टी कुरकुर करेल, पण स्क्रीनवरचं थांबणार नाही. हेही डिस्क भरून बघितलंच पाहिजे. फाइलचं नाव निदानाच्या शेवटच्या ओळीत छापा. फोन आला तरी मग मी एवढंच विचारतो: "पहिल्या ओळीतले दोन आकडे वाच, आणि गोषवाऱ्यात १ वेळा म्हणून काय आलंय ते सांग."